प्रवरेची माती, गिरणेचे खापर

तोटीच्या भांड्यात पाणी काठोकाठ भरता येत नाही. भांड्याच्या पोटाला तोटी ज्या उंचीवर आणि ज्या कोनात जोडलेली असते, तिथपर्यंत पाणी चढले की पुढचे सगळे तोटीतून बाहेर जाते आणि वरचा रुंद, फाकलेला गळा कोरडाच राहतो. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे पद्धतीचे असे भांडे मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यावरची काळी नक्षी, त्याचा विटकरी-नारिंगी रंग किंवा त्याचे तीन हजार वर्षांचे वय यांपैकी कशाकडेही माझे लक्ष आधी गेले नाही. मनात आले ते एवढेच, की ज्या हातांनी हे भांडे घडवले त्यांना ही मर्यादा रोज दिसत असणार, आणि तरीही त्या हातांनी आणि त्यांच्यापासून शिकलेल्या पुढच्या कित्येक पिढ्यांच्या हातांनी तोटी तशीच लावली. प्रवरेकाठी, घोडनदीकाठी, तापीकाठी, एकमेकांपासून कित्येक दिवसांच्या चालीवर असलेल्या गावांत ती तशीच लावली गेली.

जोर्वे हे गाव मला परके नाही. संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठावर ते आहे आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात माझे बालपण आणि नंतर भूगोलाची शिक्षिका म्हणून सगळी नोकरी गेली. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी तिथे उत्खनन केले, चित्रित तांबडी भांडी आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी यांचा काळ जुळवून पाहिला, आणि पुढे तशीच भांडी महाराष्ट्रात जिथे जिथे मिळाली त्या सगळ्या संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले. आज कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला तर जोर्वे संस्कृतीची दोनशेहून अधिक स्थळे ज्ञात आहेत. वर्गात मी मुलांना नद्यांची खोरी शिकवत असे, पाणलोट, उपनद्या, जलविभाजक शिकवत असे. पण त्याच नकाशावर मडक्यांचीही खोरी असतात आणि त्यांचे जलविभाजक माणसे ओलांडत असतात, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या गावाबाहेर एक पांढरीचे टेकाड होते. पांढर म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे शेताची, ही वाटणी आपल्याकडे अजून बोलण्यात आहे. माणसे जिथे शेकडो वर्षे राहिली, चुली पेटल्या, शेणाने जमिनी सारवल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथली माती राखेने आणि कुजलेल्या गोष्टींनी करडी-पांढरी होते. भोवतालच्या काळ्या रानात ती लांबूनही वेगळी उठून दिसते. त्या टेकाडावर पहिला पाऊस पडून गेला की खापऱ्या उघड्या पडत आणि आम्ही पोरे लगोरीसाठी त्या गोळा करीत असू. लगोरीला चपटी, कडा न मोडलेली खापरी लागते. आमच्यात एक समजूत होती, की तांबडी, पातळ आणि टिचकी मारली की वाजणारी खापरी चांगली, कारण ती चेंडू लागूनही फुटत नाही. ती का वाजते, हे विचारण्याचे वय ते नव्हते.

ते उत्तर मला पन्नाशी उलटल्यावर मिळाले. एका उत्खननावर मदतनीस म्हणून दहा दिवस राहण्याची संधी आली आणि माझ्याकडे काम आले ते खापऱ्या धुण्याचे. घमेल्यात पाणी, हातात मऊ ब्रश. एकेक खापरी धुवायची, सावलीत आखलेल्या चौकोनांत ज्या त्या थराची त्या त्या थराच्या जागी वाळत घालायची आणि वाळली की तिच्या आतल्या बाजूवर काळ्या शाईने स्थळाचे, खड्ड्याचे आणि थराचे चिन्ह बारीक अक्षरांत लिहायचे. दिवसाला काही शे खापऱ्या हातांखालून जात. तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांच्या आधी बोटांना कळू लागले. जोर्वेची खापरी पातळ असते, तिची माती बारीक चाळलेली, कालवलेली असते, आणि ती इतकी चांगली भाजलेली असते की मोडलेल्या कडेतही रंग बहुधा एकसारखा दिसतो. बाहेरून ती झिलईदार नसते, कोरडी आणि निस्तेज तांबूस असते, आणि त्यावर काळ्या रंगाने समांतर रेषा, जाळीने भरलेले चौकोन, तिरप्या पट्ट्या ओढलेल्या असतात. आत बोट फिरवले की चाकाच्या फेऱ्यांचे बारीक वळ लागतात. एका गळ्याच्या तुकड्यावर काळी रेषा भांड्याभोवती फिरून जिथून निघाली तिथे परत आली होती, पण सुरुवात आणि शेवट यांत तांदळाच्या दाण्याएवढे अंतर राहिले होते. रंगवणाऱ्याने ते तसेच सोडले होते. तो तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते.

त्याच ढिगात मधूनच वेगळी खापरी येई. ती जाड आणि हलकी असे. वर बदामी-नारिंगी लेप, त्यावर गडद तपकिरी चित्रे, आणि मोडलेल्या कडेत जळून गेलेल्या भुशाची बारीक छिद्रे. ती माळवा पद्धतीची. तिचे मूळ घर नर्मदेच्या पलीकडे. महेश्वरसमोर नर्मदेच्या दुसऱ्या काठावर नावडातोली आहे. तिथे १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात झालेल्या उत्खननांत या भांड्यांचा एवढा मोठा साठा निघाला की त्यांवरच्या नक्षीचे शेकडो प्रकार नोंदवता आले. हरिणे, मोर, हातात हात घालून नाचणारी माणसे. तिथला लोटा तर असा आहे की आजच्या देवघरात ठेवला तरी कोणी वेगळा म्हणून ओळखणार नाही. ही भांडी नर्मदेवरून तापीच्या खोऱ्यात, तिथून गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात आणि अखेरीस भीमेच्या खोऱ्यात कशी आली, हा प्रश्न माझ्या मनात त्या सावलीतल्या चौकोनांपाशी बसला तो कायमचा.

नकाशा समोर ठेवला तर वाट डोळ्यांना दिसते. नर्मदा आणि तापी यांच्यामध्ये सातपुडा आहे, पण त्यात खिंडी आहेत. तापीच्या काठी, गोमाई जिथे तिला मिळते तिथे प्रकाशे आहे, ज्याला लोक दक्षिण काशी म्हणतात. १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे खोदले तेव्हा देवळांच्या या गावाखाली ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांची, वस्ती निघाली, आणि तिच्यात माळवा आणि जोर्वे ही दोन्ही भांडी होती. तापीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे गिरणेच्या काठाने वर चढत गेले की सातमाळ्याचे डोंगर लागतात. ते ओलांडले की गोदावरीचे पाणी सुरू होते, पुढे प्रवरा आणि तिच्याही पुढे भीमा आणि घोड. ही वाट माझ्या ओळखीची होती, कारण माझी आई त्याच वाटेने आमच्या घरात आली होती.

आईचे माहेर गिरणाकाठचे, चाळीसगावच्या बाजूचे. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली आणि येताना मांड्यांचे खापर घेऊन आली. खानदेशी मांडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी एवढेच, की पुरण भरलेली कणीक हातांवर फिरवत फिरवत परातीपेक्षा मोठी होईपर्यंत ताणतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या मातीच्या खापरावर ती टाकतात. लोखंडी तव्यावर मांडा होत नाही. आई सांगायची, की एसटीने मनमाडवरून येताना, अंकाई-टंकाईच्या डोंगराजवळची चढण संपेपर्यंत, तिने ते खापर जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरले होते आणि खाचखळगा आला की ती श्वास रोखत असे. शेजारच्या बाईने मूल समजून जागा करून दिली होती.

ते खापर आमच्या घरात पाच वर्षे टिकले. ते तडकले तेव्हा आई आमच्या गावच्या कुंभाराकडे तुकडे घेऊन गेली. म्हातारबा म्हणाले, "वहिनी, असलं काम आमच्याकडं होत न्हाई, पर ठिवून जावा, बघतो." त्यांनी केलेले खापर थोडे खोलगट होते, कडा अधिक जाड होती, कारण प्रवरेकाठची माती गिरणेकाठच्या मातीसारखी वागत नाही आणि त्यांचा हात आपल्या माठांना आणि रांजणांना सरावलेला होता. आईने त्यावर मांडे करून पाहिले. पहिले दोन फाटले. मग तिनेच हात बदलला, मांडा जरा लहान आणि जरा जाड केला, आणि आमच्या घरचे मांडे पुढे कायम तसेच राहिले. शेजारच्या बायका तेच मांडे शिकल्या. आता आमच्या आळीत ज्या घरांत मांडे होतात, त्यांतल्या अर्ध्याअधिक घरांचा खानदेशाशी काहीही संबंध नाही.

पुरातत्त्वाच्या लिखाणात एक जुनी सवय होती, की एका प्रकारची भांडी म्हणजे एक लोक. भांडे बदलले म्हणजे नवे लोक आले, जुने गेले. पुढच्या अभ्यासकांनी ती सवय बरीच मोडली. मला ती मोडलेली अधिक पटते, आणि त्याचे कारण पुस्तकाइतकेच आमच्या स्वयंपाकघरात आहे. सांकलियांसारख्या मोठ्या माणसाने नावडातोलीच्या पन्हळीसारख्या तोटीच्या वाटीत इराणातल्या भांड्यांशी साम्य पाहिले आणि पश्चिम आशियाशी नाते जोडले. त्यांच्या दृष्टीची झेप केवढी मोठी होती हे मान्य करूनही मला वाटते, की हजारो कोसांवरच्या एका आकाराच्या साम्यापेक्षा वाटेवरच्या दहा गावांतले दहा साधे तुकडे अधिक बोलतात. आकार डोळ्यांनी उचलता येतो. माती किती मळायची, भुसा घालायचा की नाही, तोटी केव्हा जोडायची, भांडी भाजायचा आवा किती वेळ धगधगत ठेवायचा, या गोष्टी मात्र कोणाच्या तरी शेजारी बसून, वर्षानुवर्षे बघूनच येतात. त्या माणसाबरोबर चालत येतात.

दायमाबादला हे सगळे एका टेकाडात पाहायला मिळते. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्याच काठी हे गाव आहे. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकरांना ते स्थळ सापडले आणि त्यानंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि शां. अ. साळी यांनी वेगवेगळ्या वर्षी तिथे उत्खनन केले. बहुतेकांना दायमाबाद आठवते ते १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना सापडलेल्या ब्राँझच्या चार शिल्पांमुळे. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारही मिळून साठ किलोंपेक्षा अधिक वजनाची. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला, तो वाद गंभीर आहे आणि ती शिल्पे अद्भुत आहेत. पण मला त्या टेकाडाची खरी संपत्ती त्याच्या उभ्या कापात वाटते. तळाशी सावळदा पद्धतीची भांडी, जिचे नाव तापीकाठच्या एका गावावरून पडले आहे. त्यावर उत्तरकालीन हडप्पा लोकांची बारीक तांबडी भांडी आणि सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या बटणासारख्या मुद्रा. सिंधूच्या खोऱ्यातल्या लिपीची चिन्हे प्रवरेच्या काठी! त्यावर दायमाबादची स्वतःची, पिवळट पृष्ठभागावर काळ्या नक्षीची भांडी. त्यावर माळवा. आणि सगळ्यात वर जोर्वे. सुमारे इ.स.पू. २२०० पासून इ.स.पू. १००० पर्यंतची ही बाराशे वर्षे आहेत. गुजरातकडून, तापीकडून, माळव्याकडून आलेल्या पद्धती एकाच चढावर एकावर एक बसल्या आणि प्रत्येक थरात खालच्या थरातले काही ना काही वर येत राहिले.

त्याच प्रवरेवर आणखी खाली नेवासे आहे. तिथल्या लाडमोड टेकाडात १९५४ पासून उत्खनन झाले. ज्या गावाचे नाव आपण ज्ञानेश्वरीमुळे घेतो, त्या गावाच्या मातीत एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांबे गंजताना त्याच्या क्षारांनी मण्यांतला दोरा जपून ठेवला होता आणि तो रेशमाचा व कापसाचा निघाला. मुलाच्या गळ्यात माळ घालणारा हात मला त्या दोऱ्यापाशी फार जवळ वाटतो.

माळव्याकडून जोर्वेकडे बदल कसा झाला हे सर्वांत स्वच्छ दिसते ते इनामगावला. शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या उजव्या काठावर हे स्थळ आहे. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी तिथे हंगामामागून हंगाम काम केले आणि एकशे तीसहून अधिक घरे उघडी केली. भारतात एवढ्या बारकाईने पाहिलेले ताम्रपाषाणयुगीन खेडे दुसरे क्वचितच असेल. सुमारे इ.स.पू. १६०० ला तिथे पहिली वस्ती झाली ती माळवा भांडी वापरणाऱ्यांची. इ.स.पू. १४०० च्या सुमारास जोर्वेची भांडी आली. मधे जळालेला थर नाही, ओसाड पडल्याची खूण नाही. चौकोनी घरे तशीच, चुली तशाच, बार्लीचे पीक तेच, मुलांना घराच्या जमिनीखाली पुरण्याची रीत तीच. काही काळ दोन्ही प्रकारची भांडी एकत्र नांदली. मग माती अधिक बारीक झाली, भुसा गेला, भाजणी सुधारली, प्राण्यांची आणि माणसांची चित्रे विरळ होऊन भूमितीच्या आकृत्या राहिल्या, आणि गळा फाकलेले तोटीचे भांडे व मधे कोन असलेला वाडगा ही जोडी घरोघर दिसू लागली. गावाच्या पश्चिमेच्या कडेला कारागिरांची घरे होती, त्यांत कुंभाराचे घर होते, आणि मोठा गोल आवाही उत्खननात मिळाला. मला त्या कुंभाराच्या घरात माळव्याचा हात शिकलेला आजा आणि घोडनदीच्या मळईने हात बदललेला नातू एकाच चाकाजवळ बसलेले दिसतात.

आणि मग भांडी उलट निघाली. नावडातोलीच्या वरच्या थरांत जोर्वेची भांडी मिळतात. ज्या नर्मदाकाठावरून माळव्याची पद्धत दक्षिणेत उतरली, त्याच काठावर दक्षिणेत पक्व झालेली पद्धत तोटीसह परत पोहोचली. भूगोलाच्या वर्गात मी नदीचा बाण नेहमी एकाच दिशेने काढत असे. या नकाशावरचे बाण दोन्हीकडे काढावे लागतात.

तिसरी एक दिशाही आहे आणि ती मला सर्वांत अधिक विचारात पाडते. इनामगावच्या घरांत जमिनीखाली लहान मुलांची दफने आहेत. दोन मोठे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि मूल त्यांच्या आत. हे कुंभ जोर्वेचे नाहीत. ते करड्या मातीचे, चाकाशिवाय हाताने घडवलेले, जाड आणि नक्षी नसलेले आहेत, आणि त्यांची नाती कृष्णा-तुंगभद्रेच्या अंगाला असलेल्या नवाश्मयुगीन, म्हणजे घासलेल्या दगडी हत्यारांच्या काळातल्या, गावांशी जुळतात, जिथे अशीच करडी भांडी आणि मुलांची अशीच कुंभदफने होती. भीमा तिकडेच वाहत जाते. म्हणजे जेवणाचे, पाहुण्याला दाखवायचे, चाकावरचे रंगीत भांडे उत्तरेच्या वाटेने आले आणि मूल गेल्यावर त्याला ठेवायचे भांडे दक्षिणेच्या वाटेने, नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर आले. एकाच घराने दोन्ही घेतली, आणि दफनात त्या करड्या कुंभांशेजारी बहुधा तीच जोडी ठेवली, तोटीचे भांडे आणि कोनाचा वाडगा.

मोठ्या माणसांना तिथे उत्तरेकडे डोके करून पालथे नव्हे, उताणे निजवीत आणि पुरण्याआधी त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मेलेल्याने भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असा अर्थ ढवळीकरांनी लावला आहे. ज्यांची भांडी, बियाणे आणि रीतीभाती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, त्यांनी आपल्या माणसांना मेल्यावर घराखालीच धरून ठेवले. एकाच माणसासाठी वेगळे केलेले दिसते. त्याला चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवले होते, पावले शाबूत ठेवून, आणि सोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवली होती. घोड ही उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याची नदी. लांब वल्ह्यांची होडी रंगवणाऱ्याने ती कुठे पाहिली असेल? सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे शंख बांगड्यांच्या रूपाने त्या गावापर्यंत पोहोचत होते. शंखाबरोबर समुद्राच्या गोष्टीही पोहोचत असणार. पाय असलेले रांजण, पाय असलेला माणूस आणि होडी. त्या माणसाला मात्र जाऊ द्यायचे होते, असे मला वाटते.

इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी झाला, असे तिथल्या माती, पिके आणि हाडे पाहून अभ्यासकांनी मांडले आहे. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शिकार आणि मेंढरे यांवर भर वाढला. भांड्यांवर ते लगेच उमटले. माती जाडीभरडी झाली, नक्षी कमी झाली, आवा पूर्वीसारखा तापेना. तोटी मात्र सुटली नाही. इ.स.पू. ७०० च्या सुमारास लोकांनी गाव सोडले. ते कुठल्या दिशेने गेले असतील ते घोडनदीच्या काठावर उभे राहून डोळ्यांसमोर आणताना मला आमच्याकडचे दुष्काळातले धनगरांचे वाडे, मेंढरांचे कळप आणि घोड्यावर लादलेली मडकी आठवतात.

आमच्या गावचे टेकाड आता निम्मेच आहे. पांढरी माती पिकाला मानवते, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून ती शेतात पसरली गेली. ज्यांनी नेली त्यांना मी दोष देऊ शकत नाही, त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि मी तीस वर्षे त्याच गावात भूगोल शिकवत असताना मीही सांगितले नव्हते. आता पहिल्या पावसानंतर मुलांना घेऊन जाते. खापरी उचलायची, पाहायची, बोटाने आतले वळ चाचपायचे, टिचकी मारून ऐकायचे आणि होती तिथेच ठेवायची. पहिल्या वर्षी एका मुलीने विचारले, "बाई, मग लगोरीला काय घ्यायचं?" तेव्हापासून मी घरच्या फुटक्या कौलांचे तुकडे पिशवीत घेऊन जाते.

गेल्या उन्हाळ्यात मी गावच्या कुंभाराकडे गेले. आईला खापर करून देणारे म्हातारबा आता नाहीत. त्यांचा मुलगा, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, चाक चालवतात. जोर्वेच्या भांड्याचे चित्र मी त्यांच्यापुढे ठेवले आणि असे एक करून द्याल का म्हणून विचारले. त्यांनी चित्र उलटसुलट पाहिले. "बाई, भांडं अन् तोटी एका दमात होत न्हाई. भांडं अर्धं वाळू द्यायचं, तोटी येगळी वळायची, मंग भोक पाडून लावायची. वाळलं की चिकटत न्हाई, वलं असलं की पोट बसतं." तीन हजार वर्षांपूर्वीही तोटीचे भांडे असेच दोन भागांत घडवून मग जोडलेले असे; तात्यांनी ते कुठे वाचलेले नव्हते.

पहिले भांडे आव्यात फुटले. दुसऱ्याची तोटी त्यांनी आपल्या मनाने जरा वर आणि उभी लावली, कारण त्यांच्या मते चित्रातली चुकलेली होती. भांडे काठाजवळपर्यंत भरले, पण ओतायला गेले की पाणी तोटीतून येण्याआधी फाकलेल्या गळ्यावरून सांडू लागले. तात्या काही बोलले नाहीत. तिसरे त्यांनी चित्राबरहुकूम केले.

ते घेऊन आम्ही अंगणात बसलो. तात्यांनी तांब्याने त्यात पाणी ओतले, पाणी तोटीशी येऊन थांबले, वरचा गळा कोरडा राहिला. मग त्यांनी भांडे उचलून जरासे कलते केले आणि पाण्याची बारीक, सरळ, न तुटणारी धार तोटीतून निघाली. त्यांची नात शेजारी उभी होती. तिने कोणी न सांगता पुढे येऊन दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि पाणी प्यायली. एक थेंब खाली पडला नाही. "हां," तात्या म्हणाले, आणि भांडे पुन्हा तोटीपर्यंत भरून त्यांनी माझ्या पुढे केले.